प्रवेशानंतरचा हक्क : दिव्यांग विद्यार्थ्यांना कायद्याने काय मिळते?

बंगळुरू : शहराच्या शिवाजीनगर भागात बोरिंग अँड लेडी कर्झन रुग्णालयाशी जोडलेले श्री अटलबिहारी वाजपेयी वैद्यकीय महाविद्यालय सरकारी आहे. त्यामुळे देशातील अन्य सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांप्रमाणे त्यालाही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ३२ लागू होते. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव ठेवणे आणि कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत देणे त्यानुसार बंधनकारक आहे.

वैद्यकीय शाखेत मात्र हा हक्क बराच काळ नियमांत अडकला होता. वाचा व भाषाविषयक दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असलेला विद्यार्थी ‘एमबीबीएस’साठी अपात्र ठरत असे. आरक्षणासाठी आवश्यक असलेली टक्केवारीच त्याला प्रवेशापासून दूर ठेवत होती. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याने याला आव्हान दिले. केवळ टक्केवारीवरून अपात्र ठरवता येणार नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे तज्ज्ञ मंडळाने तपासावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या निकालात स्पष्ट केले. बंगळुरूचे व्हीलचेअर टेनिसपटू एच. बोनिफेस प्रभू यांचे उदाहरणही त्या निकालात आहे.

प्रवेश मिळाला, तरी पुढची वर्षे केवळ आरक्षणाच्या बळावर निभत नाहीत. तेथे कलम १६ कामी येते. सरकारी अनुदानित वा मान्यताप्राप्त शिक्षण संस्थांनी इमारत व परिसर सुगम ठेवावा, प्रत्येकाच्या गरजेनुसार ‘वाजवी सोय’ करावी, तसेच अंध व कर्णबधिर विद्यार्थ्यांना योग्य भाषा व माध्यमातून शिक्षण मिळेल हे पाहावे, असे हे कलम सांगते. संस्थेवर अवाजवी भार न टाकता केलेला आवश्यक बदल म्हणजे वाजवी सोय. ती नाकारणे हा कायद्याने भेदभाव ठरतो.

परीक्षेसाठी केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत लेखनिकाची मुभा असलेल्यांना प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेसाठी एक तास अधिक देण्याची तरतूद होती. ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असले, तरी लिहिण्यात अडचण असल्यास लेखनिक नाकारता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिला.

याच कलम १६ मध्ये खेळ व मनोरंजनाच्या समान संधीचाही उल्लेख आहे. ओळखी जुळतात त्या खानावळीत, वसतिगृहाच्या खोलीत, स्नेहसंमेलनाच्या तालमीत. उपाहारगृह पायऱ्यांवर असेल किंवा सहल ठरवताना वाहनाचा विचारच झाला नसेल, तर विद्यार्थी वर्गात असूनही वर्गाबाहेर राहतो. अनुपस्थितीपोटी बुडालेली टिपणे आणि अभ्यासगटही त्यामुळेच हातून जातात.

अडचण जबाबदारीच्या वाटणीतही आहे. शिवाजीनगरच्या महाविद्यालयाची परीक्षा राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. उतरंड, वसतिगृह आणि वर्ग महाविद्यालयाच्या हाती असतात. अर्ज एका दाराहून दुसऱ्या दारी फिरू नये, यासाठी प्रवेशाच्या वेळीच गरजा लेखी नोंदवणे आणि पोच घेणे हिताचे ठरते. दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, पुढील प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.