पाकिटे गळतात तरी कुठे?

जुलै महिन्याचे शेवटचे दिवस. परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, कुठेही जा, सेवा केंद्राच्या पायरीवर सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळत बसलेले शेतकरी दिसतात. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा मिळू लागला, तेव्हा तर इतकी झुंबड उडाली की ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा वेळी केंद्रातला मुलगा पडद्यावर गरगर फिरणारे चक्र दाखवून म्हणतो, ‘‘काका, सर्व्हर डाऊन हाय.’’ काका बिचारे पुन्हा पायरीवर जाऊन बसतात.

सर्व्हर म्हणजे पलीकडच्या टोकाचा संगणक. कधी खरोखरच त्याच्या नाकी नऊ आलेले असतात. पण कधी खोळंबा वाटेतच होतो, आणि त्या वाटेची गोष्ट मोठी गमतीची आहे.

सातबाराचा फोटो तारेतून अखंड जात नाही. त्याचे तुकडे होतात. एकेक तुकडा फार तर दीड हजार बाइटचा. त्याला ‘पॅकेट’ म्हणतात. आपण पाकीट म्हणू. तीनशे किलोबाइटच्या फोटोची दोनशेहून अधिक पाकिटे होतात आणि प्रत्येकावर पत्ता असतो. वाटेत ‘स्विच’ नावाच्या पेट्या लागतात (दिव्याचे बटन नव्हे!). कोणते पाकीट कोणत्या तारेने पुढे धाडायचे, हे त्या ठरवतात. दहा तारांनी आलेली पाकिटे एकाच तारेने बाहेर पडू पाहतात, तेव्हा त्यांना रांगेत उभे राहावे लागते. ही रांग पेटीच्या मेमरीत लागते आणि ती मेमरी बेताचीच. ती भरली की नवे आलेले पाकीट पेटी सरळ टाकून देते. बहुतेक वेळा पाठवणाऱ्याला निरोपसुद्धा जात नाही!

तरीही फोटो पोहोचतो, कारण पाठवणाऱ्या संगणकाजवळ नक्कल असते. पोच आली नाही की तो ते पाकीट पुन्हा धाडतो. आणि मुख्य म्हणजे आपला वेग साधारण निम्म्यावर आणतो, मग हळूहळू वाढवतो. हे शहाणपण ठेच लागून आले. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे, जेमतेम चारशे यार्ड अंतरावरच्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. हरवलेली पाकिटे जो तो पुन्हा पुन्हा पाठवत सुटला होता आणि त्यानेच वाट तुंबली होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला; १९८८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

मग मेमरीच मोठी का करत नाहीत? करून पाहिली. पण पाकीट टाकले गेले नाही, तरी लांबलचक रांगेत ताटकळून शिळे होते, आणि पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ताच लागत नाही. तो आपला ओततच राहतो.

आपल्या येलदरी धरणावर काय करतात? पूर्णेला मोठा येवा सुरू झाला, तर पाणी काठोकाठ चढेपर्यंत वाट पाहत नाहीत. आधीच थोडे दरवाजे उचलतात. सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये हेच सुचवले. रांग भरण्याआधीच अधूनमधून एखादे पाकीट मुद्दाम टाकायचे, म्हणजे पाठवणारे वेळीच सावरतात. फरक इतकाच, की सोडलेले पाणी परत येत नाही; पाकिटाची नक्कल मागे असते.

इंटरनेटवरून चाललेल्या फोनचे मात्र तसे नाही. हरवलेला शब्द अर्ध्या मिनिटाने पोहोचून उपयोग काय? म्हणून ती पाकिटे सहसा परत धाडतच नाहीत, आणि पुण्यात शिकणाऱ्या लेकीचा आवाज ऐन वाक्यात तुटतो.

केंद्रातल्या मुलाने यातले काही वाचलेले नसते. पण बटन पुन्हा पुन्हा दाबले की तोच अर्ज नव्याने निघतो आणि तुंबलेल्या वाटेत आणखी भर पडते, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. तो माउसवरचा हात काढतो आणि पायरीकडे वळून म्हणतो, ‘‘काका, जेवून या. रातच्याला अकरानंतर भरू.’’