पाचवा-सहावा महिना: कार्ड वाचू या

पाचवा-सहावा महिना म्हणजे पोटुशी बाईला जरा बरं वाटायचे दिवस. उलट्या थांबतात, भूक लागते, कामाला हात चालतो. मग घरात म्हणतात, "काही त्रास नाही ना? मग दवाखान्यात कशाला?" आणि तपासणी राहते. पण अंगात रक्त कमी होणं, रक्तदाब वाढणं, बाळाची वाढ मागं पडणं, हे सुरुवातीला दुखत नाही. ते आकड्यांतूनच कळतं.

गटाच्या बैठकीत आपण बचतीचा प्रत्येक रुपया मागच्या महिन्याशी ताडून बघतो. माता बाल संरक्षण कार्डही तसंच बघायचं.

आधी आठवडे. शेवटची पाळी ज्या दिवशी आली, त्या तारखेला कॅलेंडरवर खूण करा आणि तिथून मोजा. विसाव्या आठवड्यात बाळ साधारण ३०० ग्रॅमचं असतं, चोविसाव्यात ६०० च्या आसपास, अठ्ठाविसाव्यात किलोभर. दोन महिन्यांत तिप्पट! म्हणून "जास्त खाल्लं तर बाळंतपण अवघड जातं" म्हणत सुनेची भाकरी कमी करू नका. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, जमेल तर दूध-अंडी, थोडं थोडं पण जास्त वेळा द्या.

आता कार्डावर काय बघायचं?

वजन: या दिवसांत महिन्याला दीड-दोन किलो वाढावं. वाढलंच नाही, किंवा एकाएकी वाढून तोंड-हात सुजले, तर नर्सताईंना दाखवा.

पोट: विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भपिशवी बेंबीपर्यंत येते. पुढं टेपनं मोजल्यावर जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर भरतात. दोन-तीनचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना विचारा.

रक्तदाब: १४०/९० किंवा वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं ही त्याचीच खूण असू शकते.

हिमोग्लोबिन: ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली म्हणजे मोठ्या दवाखान्यात उपचार. लोहाची गोळी रोज घ्या, चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, जेवणासोबत. लोहाच्या गोळीनं शी काळी होते, बाळ काळं होत नाही.

साखर: चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त तपासतात. ती तपासणी चुकवू नका.

सोनोग्राफी: अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाचे अवयव नीट आहेत का, हे बघायला. मुलगा की मुलगी, हे विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

हालचाल: पहिलटकरणीला अठरा-वीस आठवड्यांत, दुसरेपणाला थोडं आधी पोटात फुरफुर जाणवते. चोविसाव्या आठवड्यापर्यंत काहीच जाणवलं नाही तर तपासून घ्या. पुढं रोजची हालचाल कमी झाली तर सकाळची वाट बघू नका. रक्त किंवा पाणी जायला लागलं, तरीही तसंच.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात विड्या वळणाऱ्या बाया आहेत. तंबाखूची धूळ गरोदरपणी वाईट, म्हणून जमेल तितके दिवस ते काम बाजूला ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनी कार्ड बोचक्यात आधी ठेवावं. जिथं टोळी उतरेल, तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवा. मागचे आकडे बघून तिथले डॉक्टर पुढची तपासणी करतील.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. दवाखान्यात जायला १०२, अडचणीच्या वेळी १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीत गटातल्या गरोदर मैत्रिणीची हरकत नसेल, तर तिचं कार्ड उघडून सोबत वाचा. एखादा रकाना रिकामा असेल, तर ९ तारखेला तिच्यासोबत कोण जाणार, हे तिथंच ठरवा.