औषध मिळालं, घराचं काय?

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्राबाहेर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, एक बाई बाकावर बसली होती. वय तिशीच्या आतच. मांडीवर मुलगा, पायाशी कपड्यांची पिशवी. मी विचारलं, "गोळ्या न्यायला आलात का?" तर म्हणाली, "ताई, गोळ्या मिळाल्या. आता जायचं कुठं, तेच कळंना."

नवरा ट्रकवर ड्रायव्हर. मुंबई-आग्रा महामार्गावर महिना महिना फिरतीवर. तो गेला आणि तेरावं उरकल्यावर सासरच्यांनी हिला बाहेर काढलं. म्हणे, "हिनंच रोग आणला."

मैत्रिणींनो, हे 'हिनंच आणला' कुठून येतं ठाऊक आहे? बाई गरोदर राहिली की तिची एचआयव्ही तपासणी होते. नवऱ्याची तोवर झालेलीच नसते. लग्नाच्या बाईला हा आजार बहुतेक वेळा नवऱ्याकडूनच येतो, पण कागदावर आधी नाव लागतं तिचं. ज्याचं आधी कळलं त्यानंच आणलं, असा हा हिशेब! खरं तर ती तपासणी वेळेत झाली म्हणून तिचा मुलगा वाचला. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ इतकं असतं. उपचार वेळेवर मिळाले तर ते पाचाच्या खाली येतं. तेव्हा दोष तपासणीचा नाही, आपल्या नजरेचा आहे.

आपल्या देशात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ साली, चेन्नईत. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. तेव्हा यावर औषध नव्हतं. पुढं आलं, पण ते श्रीमंतांचं. २००१ साली सिप्ला या आपल्या कंपनीनं गरीब देशांसाठी वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषध द्यायची तयारी दाखवली, तेव्हा जगभर चर्चा झाली. तरी तेही सोळा-सतरा हजार रुपये झाले. मजुरीवर चालणाऱ्या घरानं ते कुठून आणायचे? १ एप्रिल २००४ पासून सरकारनं सहा राज्यांत ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. त्यात महाराष्ट्र होता.

तोवर किती घरं बसली, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. आधी कमावत्याचा पगार थांबतो. मग खासगी दवाखाने, जडीबुटीवाले, नवससायास. बाईचे दागिने जातात, शेत गहाण पडतं. आजाऱ्याची उस्तवार करायला बाई घरी बसते, म्हणजे तिचीही मजुरी बुडते. मग शाळा सुटते, तीही आधी मुलीची. माणूस गेल्यावर मागं राहतं कर्ज, आणि ते फेडायला राहते तीच बाई, जिला घरात जागा नाही.

आज गोळ्या मोफत आहेत. नियमित घेतल्या तर माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करू शकतो. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका नळावर पाणी भरल्यानं तर ती कधीच होत नव्हती. आजार आटोक्यात आला, पण घराचा प्रश्न गोळीनं सुटत नाही.

त्यासाठी कायदा आहे, तो आपल्याला माहीत हवा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार एचआयव्हीबाधित बाईला किंवा मुलाला राहत्या घरातून काढता येत नाही. या कारणासाठी नोकरीत, शाळेत, दवाखान्यात वेगळी वागणूकही देता येत नाही. शिवाय १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही नवऱ्याच्या हिश्शाची पहिल्या वर्गातली वारस आहे. आजारामुळे तो हक्क जात नाही. म्हणून नवरा गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज लवकर द्यावा आणि कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नये. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात विचारावं. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते, नाव सांगावं लागत नाही.

त्या बाईच्या वेळी हा नवा कायदा नव्हता. वारस नोंदीसाठी आम्ही तिच्याबरोबर किती चकरा मारल्या, मोजल्या नाहीत. शेवटी नवऱ्याच्या हिश्शाला तिचं आणि मुलाचं नाव लागलं, घरातली एक खोली मिळाली. आता ती हंगामात द्राक्षाच्या पॅकिंगला जाते. मुलगा नववीत आहे.

पण परवा भेटली तेव्हा म्हणाली, "खोली मिळाली ताई, पण शेजारची अजून माझ्या हातचा चहा घेत नाही."

हे मात्र कुठला कायदा करून देणार नाही. ते आपल्यालाच करायचं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या बचत गटात अशी कुणी असेल, तर तिच्या घरी जा आणि चहा घेऊन या.