आफ्रिकेचे अर्वाचीन प्रवासी : लेखांक सातवा — शरणपूरची मंडळी

झांबेझीवरील मोहीम ब्रिटिश सरकारने १८६३ साली परत बोलावली, इथवरची हकीगत मागील लेखांकात आली आहे. एखादा सामान्य अंमलदार अशा वेळी दप्तर आवरून स्वदेशी निघून गेला असता. परंतु डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पदरी स्वतःच्या पैशाने बांधविलेली ‘लेडी न्यासा’ ही लहानशी आगबोट होती, आणि झांजीबारात विकली तर ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडेल, ही धास्ती त्यास स्वस्थ बसू देईना. म्हणून तीन युरोपियन खलाशी, झांबेझीकाठचे सात जण आणि दोन मुले एवढ्याच सरंजामानिशी, सरोवरात चालण्यासाठी बांधलेल्या त्या बोटीचे सुकाणू स्वतः सांभाळीत, अडीच हजार मैलांचा समुद्र ओलांडून तो १३ जून १८६४ रोजी, पावसाळा तोंडावर असताना, मुंबई बंदरात दाखल झाला. त्याच्या साऱ्या प्रवासांत हे साहस मला सर्वांत अविचारी वाटते, आणि त्याच्या चरित्रकारांनी त्यास फारसे महत्त्व दिलेले नाही.

ती दोन मुले म्हणजे गुलामांच्या तांड्यातून सोडविलेले याओ जमातीचे चुमा व विकातानी. त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवून लिव्हिंग्स्टन विलायतेस गेला, आणि १८६५ च्या उत्तरार्धात नव्या मोहिमेच्या तयारीसाठी पुनश्च मुंबईस आला. सुमारे सहा हजार पौंड खर्चून बांधलेली बोट २,३०० पौंडांस विकली गेली, आणि ती रक्कम ज्या पेढीत ठेवली ती पेढीही पुढे बुडाली. कापसाच्या सट्ट्याने फुगलेली मुंबई तेव्हा कोसळू लागलीच होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचा मात्र त्यास भक्कम आश्रय मिळाला.

नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले तेथे आणून त्यांना लिहिणे-वाचणे व सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदे शिकवीत असत. मायभूमीपासून तोडलेल्या या मुलांपैकी नऊ जण लिव्हिंग्स्टनने निवडले; त्यांच्या जोडीस मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई, जोहाना बेटावरचे दहा जण, झांबेझीवरील जुने सोबती सुसी व अमोडा, आणि चुमा-विकातानी अशी मंडळी जमली. उंट आणि म्हशीही होत्या, कारण त्से-त्से माशीच्या दंशापुढे हिंदुस्थानची जनावरे टिकाव धरतात किंवा कसे, याची परीक्षा त्यास करावयाची होती. ती निष्फळ ठरली, कारण शिपायांनी जनावरांना इतके निर्दयपणे वागविले की ती माशीमुळे मेली की माणसांमुळे, हे ठरविणेच अशक्य झाले. शिपायांना वाटेतूनच रजा मिळाली. जोहानाचे लोक पळाले, आणि आपल्या पलायनाचे समर्थन म्हणून साहेब मारला गेल्याची बातमी त्यांनी किनाऱ्यावर उठवून दिली. जानेवारी १८६७ मध्ये औषधांची पेटी चोरीस गेली, आणि तेथून त्याच्या प्रकृतीचा ऱ्हास सुरू झाला. नाशिकचे सर्वच जण निष्ठावंत निघाले असेही नाही; काही फुटून गेले, काही मेले, आणि त्या नऊंपैकी गार्डनर व माब्रुकी हे दोघेच अखेरपर्यंत टिकले.

उजीजी येथे १८७१ साली स्टॅन्लीशी झालेली भेट सर्वश्रुत आहे. नाईलचा उगम म्हणून ज्या लुआलाबा नदीचा त्याने ध्यास घेतला ती वस्तुतः काँगोचाच वरचा प्रवाह होता, एवढे नमूद केले म्हणजे पुरे. १८७२ साली त्याच्या मदतीस जी कुमक आली तीत जेकब वेनराइट हा शरणपूरचा आणखी एक विद्यार्थी होता.

बांग्वेउलु सरोवराच्या दलदलीपलीकडे, चितांबोच्या गावी, १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी लिव्हिंग्स्टन मरण पावला. परक्या मुलखात मृताचा दंड भरावा लागण्याची भीती असताना त्या मंडळींनी जो निर्णय घेतला तो कोणाच्याही फर्मानाने घेतला नाही. हृदय व आतडी झाडाखाली पुरली, वेनराइटने प्रार्थना वाचली व झाडाच्या खोडावर लेख कोरला; पेट्यांतील चीजवस्तूंची यादीही त्यानेच केली. शव मिठाने भरून चौदा दिवस उन्हात सुकविले आणि झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घालून शिडाच्या कापडाने शिवले. उन्यान्येंबे येथे लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. त्याने येथेच दफन करा असा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही. पुढे गावकऱ्यांनी प्रेत नेण्यास हरकत घेताच त्यांनी धान्याच्या ताटांचे खोटे शव बांधून काही जणांबरोबर परत धाडले, आणि खरे शव कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून व्यापारी मालाच्या सोंगाने पुढे काढले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोस पोहोचले. तेथे सरकारी अंमलदाराने शव ताब्यात घेतले आणि मंडळींचा पगार चुकता करून त्यांना रजा दिली.

विलायतेपर्यंत शवाबरोबर गेला तो एकटा वेनराइट, आणि तोही मिशनच्या खर्चाने. लंडनमध्ये सर विल्यम फर्ग्युसन यांनी शव तपासले, तेव्हा कित्येक वर्षांपूर्वी सिंहाने मोडलेले व वेडेवाकडे सांधलेले डाव्या दंडाचे हाड पाहून ओळख पटली, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. चुमा व सुसी यांना लिव्हिंग्स्टनचा मित्र जेम्स यंग याने नंतर स्वतःच्या खर्चाने बोलावले. रोजनिशी संपादन करणाऱ्या होरेस वॉलरला त्यांनी गावांची, माणसांची आणि शेवटच्या मुक्कामांची माहिती सांगितली. ज्या दिवसांची नोंद करणाराच उरला नव्हता, त्या दिवसांविषयी आज आपणांस जे ठाऊक आहे ते मुख्यतः याच लोकांच्या जबानीवरून. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सर्व सोबत्यांसाठी पदके पाडली खरी, पण ती झांजीबारास पोहोचेपर्यंत बहुतेक जण पांगले होते.

ज्याचा सल्ला या मंडळींनी मानला नाही तो कॅमेरॉन मात्र परत न फिरता पश्चिमेकडे निघाला, आणि १८७५ च्या नोव्हेंबरात अटलांटिकच्या किनाऱ्यावर उतरला. त्याची हकीगत पुढील लेखांकी.