दोन नद्यांच्या मधले शहर : कटक

नराजजवळ महानदीपासून काठजोडी ही शाखा फुटते. या दोन प्रवाहांच्या बेचक्यात, त्रिभुज प्रदेशाच्या माथ्यावर, ओडिशातील कटक हे प्राचीन शहर वसले आहे. नद्यांमुळे येथे व्यापार वाढला, शेती पिकली. मात्र त्याच नद्यांपासून स्वतःचे रक्षण करणे हे नागरिकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कर्तव्य होऊन बसले.

शहराची भूमी बशीसारखी खोलगट आहे. महापुराच्या वेळी नदीच्या पाण्याची पातळी शहरातील रस्त्यांहून उंच चढते. म्हणूनच काठजोडीच्या काठी फार पूर्वी दगडी बांध घालण्यात आला. परंपरा त्याचे श्रेय केसरी वंशातील राजांना देते. बांधामुळे पूर बाहेर राहतो, हे खरे. परंतु पावसाचे पाणी आत कोंडले जाते. एरवी ते बांधातील दरवाज्यांतून नदीत सोडता येते. नदी चढली की हे दरवाजे बंद ठेवावे लागतात आणि शहरातील पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकावे लागते. नदीला पूर आणि शहरात मुसळधार पाऊस असा योग जुळून आला, तर सखल वस्त्यांतील घरांत पाणी शिरते. मग खाटा विटांवर चढतात. धान्य आणि मुलांची पुस्तके माळ्यावर जातात. ऐपत असलेला माणूस घराचे जोते उंच बांधतो, पण त्यामुळे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या बुटक्या घराकडे वळते. एकाच पावसाचा जाच सर्वांना सारखा होत नाही, तो असा.

पावसापूर्वीचा उन्हाळाही कठीण असतो. बंगालचा उपसागर फार दूर नसल्याने हवा दमट असते आणि घाम वाळत नाही. अशा दिवसांत घरोघरी पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवून किंचित आंबवलेला भात, खाल्ला जातो. सोबत भाजी, तळलेले सांडगे किंवा मासळी असते. दुपारी बाजार मंदावतो आणि ऊन उतरल्यावर पुन्हा गजबजतो. ‘बावन्न बाजार, त्रेपन्न गल्ल्या’ अशी या शहराची ख्याती आहे. त्या अरुंद गल्ल्यांतच चांदीच्या तारांपासून नाजूक नक्षी घडविणारे तारकशीचे कारागीर काम करतात.

१७५१ पासून १८०३ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. त्यानंतर ती इंग्रजांकडे गेली. पुढे राज्याची राजधानी म्हणून भुवनेश्वरची निवड झाली व तेथे १९४८ साली कोनशिला बसविण्यात आली. नवी राजधानी मोकळ्या माळावर आखता आली. कटकला तशी मोकळीक नव्हती. दोन्ही बाजूंनी नद्यांनी वेढलेल्या या शहराला पसरण्यास जागाच अपुरी होती. उच्च न्यायालय मात्र येथेच राहिले आणि कटकचे महत्त्व टिकले.

१९५७ साली हिराकूड धरण पूर्ण झाले, तरी पुराचे भय सरले नाही. १९८२ चा महापूर आणि १९९९ चे महाचक्रीवादळ यांनी ते दाखवून दिले. असे असूनही कार्तिकी पौर्णिमेला कटकवासी पहाटे नदीवर जाऊन छोट्या नावा पाण्यात सोडतात आणि महानदीच्या वाळवंटात बालीयात्रा भरते. पूर्वीच्या व्यापाऱ्यांच्या समुद्रप्रवासाचे हे स्मरण होय. ज्या पाण्याला चार महिने बांधापलीकडे रोखून धरले, त्याच पाण्याच्या काठी सारे शहर आनंदाने जमते.