केसाएवढी रेघ

कसाऱ्याच्या लोकलमधून वाशिंद स्टेशनचा पिवळा फलक पाहिलाय ना? त्यावरची काळी अक्षरं आठवा. काना असो की वेलांटी, रेघ सगळीकडे जवळजवळ सारख्याच जाडीची. धावत्या गाडीतून वाचायचं तर तशीच हवी. आता घरातली एखादी लग्नपत्रिका नाहीतर आजोबांची जुनी पोथी काढा. तिथलं अक्षर कुठे ठसठशीत, तर कुठे केसासारखं बारीक!

ही जाड-बारीक रेघ आली बोरूतून. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. गंमत बघायचीय? दोन पेन्सिली शेजारी शेजारी ठेवून रबरबँडने बांधा. एक टोक वर डावीकडे, दुसरं खाली उजवीकडे, असं धरा आणि मनगट न वळवता मोठा 'र' काढा. वर शिरोरेघही द्या. आडव्या आणि उभ्या रेघेची रुंदी सारखीच येईल. पण 'र'चा पाय खाली उजवीकडे निघाला, की दोन्ही रेघा एकमेकींवर चढतात आणि उरते एकच बारीक रेघ!

इंग्रजी अक्षरांची रीत वेगळी. इटलीतल्या पार्मा शहरात बोदोनी (१७४०-१८१३) नावाच्या मुद्रकाने उभ्या रेघा जाड आणि आडव्या केसाएवढ्या, अशी देखणी अक्षरं घडवली. तोच नियम मराठीला लावला तर? आपली शिरोरेघच नाहीशी व्हायची!

कागदावर बोरू चालवणं त्या मानाने सोपं. छापायचं तर अक्षर शिशात उतरवावं लागे. पोलादी कांबीच्या टोकावर ते उलटं कोरायचं, आणि तेही छापायचं तेवढ्याच आकाराचं. मग तो ठसा तांब्यावर ठोकायचा. तांब्यात जो खळगा पडेल, त्यावर साचा बसवून शिशाचा मिश्र रस ओतायचा. झाला छपाईचा 'खिळा' तयार! रेघ फार बारीक कोरली तर ती छापताना मोडायची. जाड ठेवली तर 'क्ष्म'सारख्या जोडाक्षराच्या पोटात शाई भरून नुसता डाग उमटायचा. आणि अशी जोडाक्षरं काय थोडी आहेत?

मुंबईत हे कोडं सोडवलं जावजी दादाजी चौधरी (१८३९-१८९२) यांनी. लहानपणी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासत. घासता घासता अक्षराचा कानाकोपरा त्यांच्या बोटांना पाठ झाला असणार, असं आपलं मला वाटतं. १८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना. अक्षरं घडवण्यात राणूजी रावजी आरू या कुशल कारागिराची त्यांना साथ होती. त्यांच्या संस्कृत ग्रंथांत एकाच पानावर वर मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, खाली टीका बारीक अक्षरात असते. भिंग लावून बघा, बारीक अक्षरातही बोरूचं वळण सुटलेलं नाही. नक्षी काढणारे पुष्कळ असतात, पण बारीक अक्षर सुबक राखणं महाकठीण, बरं का!

आता शिशाचे खिळे गेले, अक्षरं कॉम्प्युटरवर आली. २०१४ साली इंडियन टाइप फाउंड्रीने 'रोझा वन' नावाचा देवनागरी फॉन्ट काढला, तो फुकट मिळतो. त्यात जाड रेघ खूपच जाड आणि बारीक रेघ अगदी केसासारखी. शाळेच्या वार्षिक अंकाचं नाव त्यात लिहून बघा, रुबाबदार दिसेल. आतला मजकूर मात्र त्यात लावू नका हं, आजीलाही अंक वाचायचा असतो!