माल परत आला, पण तोच का?

ईदच्या आठ दिवस आधी भरतकामाचा कुर्ता पार्सलने जातो आणि ईद झाल्यावर परत येतो. कॉलरवर घामाचा डाग, कापडाला अत्तराचा वास, आणि कारण लिहिलेले ‘माप बसले नाही’. दुकानात समोरासमोर असे म्हणायला गिऱ्हाइकाला लाज वाटली असती. ऑनलाइन विक्रीत तोंड दिसत नाही, त्यामुळे भीड चेपते. कधी नव्या चपलांच्या खोक्यात जुना जोड येतो, कधी ‘खोका रिकामाच निघाला’ अशी तक्रार येते. कंपनी बहुधा गिऱ्हाइकाचे पैसे आधी परत करते; भांडायचे ते मागाहून विक्रेत्याने.

आधी कायदा पाहू. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष, बनावट, जाहिरातीप्रमाणे नसलेला किंवा सांगितल्यापेक्षा उशिरा पोचलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. शरीअतमधील ‘खियार-ए-ऐब’ही ऐब लपवून विकलेली वस्तू परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला देतो. तेव्हा शिवण उसवलेली निघाली तर कुरकुर न करता पैसे द्यावेत. पण वापरून परत करणे किंवा वस्तू बदलून पाठवणे ही सरळ फसवणूक होय. सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरते माप घेणाऱ्या व देताना कमी देणाऱ्यांना इशारा आहे. आपण तो नेहमी दुकानदाराला ऐकवतो. गिऱ्हाईकही त्यात येते, असे आम्हांस वाटते.

आठशे रुपयांसाठी कोणी पोलीस ठाण्यात जात नाही. निकाल लागतो पुराव्यावर, आणि आपले कारागीर बांधव तिथेच हरतात. माल चोख असतो, पण तो चोख निघाला हे दाखवता येत नाही. म्हणून पार्सल बांधताना मोबाईलवर एकसलग चित्रण करावे: वस्तू, आतल्या बाजूची आपली खूण, काट्यावरचे वजन, चिकटवलेली पट्टी व तिच्यावरचा क्रमांक. कपड्याचा टॅग दर्शनी जागी असा लावावा की तो न काढता कपडा घालून मिरवता येणार नाही. महाग मालाला ओटीपी घेऊनच पोच देण्याची सोय असल्यास ती घ्यावी. परतीचे पार्सलही पट्टी दिसेल असे धरून कॅमेऱ्यासमोरच उघडावे. जाताना व येताना वजनात फरक असेल तर तो तक्रारीत जरूर लिहावा.

परत आलेली पार्सले कोपऱ्यात रचून सवडीने, जुम्म्याच्या सुट्टीला एकदम उघडण्याची सवय आम्ही अनेक कारखान्यांत पाहिली. दाव्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, प्रत्येक कंपनीची वेगळी. ती उलटल्यावर उत्तम चित्रणही कोणी पाहत नाही.